अपस्केल आधी की ग्रेडिंग आधी? १०८०चं फुटेज ४के टाइमलाइनवर आणताना

देवबागच्या एखाद्या होमस्टेची तीन मिनिटांची फिल्म करायची आहे. ड्रोनचे शॉट ४केमध्ये आहेत. हातातल्या कॅमेऱ्याचे स्लो मोशन शॉट फुल एचडीत आहेत, कारण त्या कॅमेऱ्याला सेकंदाला ५० फ्रेम तेवढ्याच आकारात जमतात. शिवाय जुन्या हँडीकॅमवरचे दशावताराचे दोन शॉटही घ्या, असा मालकांचा आग्रह. हे सगळं एका ४के टाइमलाइनवर यायचं. मग लहान शॉट मोठे करायचे, म्हणजेच अपस्केल, ते केव्हा? रंगाला हात लावण्याआधी, की रंग झाल्यावर, म्हणजे ग्रेडिंगनंतर?

थोडक्यात उत्तर असं: एडिट लॉक झाल्यावर, नॉइज (चित्रातले वळवळणारे दाणे) काढल्यावर, पण रंगाचं बारीक काम सुरू करण्याआधी. शार्पनिंग (कडांना धार लावणं), ग्रेन (मुद्दाम घातलेला फिल्मसारखा दाणा) आणि टायटल या तिन्ही गोष्टी अपस्केलनंतर. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

अपस्केल हवंय का, हे आधी ठरवा

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, ४के यूएचडीत ८२ लाख ९४ हजार ४००. म्हणजे अपस्केल केलेल्या चित्रात दर चार पिक्सेलमागे तीन अंदाजाने भरलेले असतात. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी कॅमेऱ्याने न टिपलेलं ते परत आणू शकत नाही. पटेल असं काहीतरी रचतं, एवढंच.

म्हणून फिल्म शेवटी कुठे दिसणार, हे आधी विचारा. व्हॉट्सॲपवर फिरणार असेल तर टाइमलाइन १०८०ची ठेवा आणि ड्रोनचे शॉट लहान करा, ते आणखी टवटवीत दिसतील. गणेशोत्सवात मंडपातल्या एलईडी भिंतीवर दाखवायची असेल तर हिशोब करून बघा: १२ फूट रुंदीची, ४ मिलिमीटर पिचची (दोन दिव्यांतलं अंतर) भिंत म्हणजे आडवे जेमतेम ९०० पिक्सेल. तिथे ४के पाठवणं म्हणजे पाणी भरलेल्या विहिरीत घागर ओतणं.

यूट्यूबची गोष्ट वेगळी. २५ फ्रेमच्या साध्या ४के व्हिडिओसाठी अपलोडचा बिटरेट ३५ ते ४५ एमबीपीएस सुचवलेला आहे, १०८०साठी ८. यूट्यूब स्वतः पुन्हा कॉम्प्रेस करतंच, आणि त्यात ४के म्हणून चढवलेल्या व्हिडिओला जास्त डेटा मिळतो. समुद्राचं पाणी, पाऊस, झावळ्या अशा सतत हलणाऱ्या गोष्टींना त्याचा फायदा होतो. मात्र सगळं फुटेज १०८०चंच असेल आणि कारण एवढंच असेल, तर एआयच्या भानगडीत पडू नका. ग्रेड पूर्ण करा आणि एक्सपोर्ट करताना साध्या स्केलिंगने ४के काढा. पहिला अपवाद हाच.

किती पट मोठं करायचं यालाही मर्यादा आहे. ड्रोनचं २७२० पिक्सेल रुंदीचं फुटेज ४केला नेणं म्हणजे १.४ पट, ते साध्या स्केलिंगने निभावतं. १०८०वरून ४के म्हणजे दुप्पट, हेही चांगल्या उजेडात घेतलेल्या शॉटला जमतं. जुन्या कॅसेटचं ५७६ रेषांचं चित्र २१६०ला नेणं म्हणजे पावणेचार पट. ते करू नका. कॅसेट १०८०पर्यंत आणा आणि थांबा, मग ग्राहक काहीही म्हणो.

तीन वाटा

पहिली वाट टाइमलाइनच्या आपोआप होणाऱ्या स्केलिंगची. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सेटिंगच्या इमेज स्केलिंग पानावर फिल्टर निवडता येतो. ही सोय फुकट आवृत्तीतही आहे आणि यात आधी-नंतरचा प्रश्न फारसा येत नाही.

दुसरी वाट रिझॉल्व्हमधल्याच सुपर स्केलची. ती क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये सापडते, फक्त पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत चालते आणि मशीनला चांगलीच दमवते. नवखे इथे एक चूक हमखास करतात: टाइमलाइन १०८०चीच असते आणि क्लिपला सुपर स्केल लावतात. चित्र दुप्पट होतं, लगेच पुन्हा अर्धं होतं, आणि हातात उरतो तो तापलेला लॅपटॉप. आधी टाइमलाइन ३८४० बाय २१६० करा, मग सुपर स्केल लावा.

तिसरी वाट टोपाझसारख्या, एआयने चित्र मोठं करणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमची. यात प्रत्येक शॉटची नवी फाइल तयार होते. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे सर्वांत जास्त इथेच सांभाळावं लागतं.

पायरी १: एडिट लॉक

कच्चं फुटेज चार तासांचं आणि फिल्म तीन मिनिटांची. चार तास अपस्केल करत बसण्यात अर्थ नाही. आधी कट पक्का करा, ग्राहकाची मंजुरी घ्या, मग वापरलेले शॉट तेवढेच बाहेर काढा, प्रत्येकाच्या पुढेमागे १२ ते २५ जास्तीच्या फ्रेम, म्हणजे हँडल, ठेवून. हँडल नसले की कट दोन फ्रेमने सरकवायची वेळ येते आणि तो शॉट पुन्हा पहिल्यापासून रेंडर करावा लागतो.

स्लो मोशनचे शॉट मूळ वेगातच अपस्केल करा, वेग नंतर कमी करा. एआय मॉडेल आजूबाजूच्या फ्रेममधून तपशील गोळा करतात. त्यांना कॅमेऱ्याने घेतलेल्या खऱ्या फ्रेम द्या, सॉफ्टवेअरने मध्ये घुसवलेल्या नव्हे. डिझॉल्व्हचंही तेच: दोन शॉट एकमेकांत विरघळताना मॉडेल गोंधळतं, म्हणून शॉट सुटे द्या आणि डिझॉल्व्ह नंतर लावा.

पायरी २: नॉइज

दशावतार रात्री रंगतो, उजेड स्टेजपुरता, मागे काळोख. कॅमेऱ्याचा आयएसओ चढलेला, त्यावर एच.२६४चं कॉम्प्रेशन. काळोखात दाणे आणि चौकोन वळवळत असतात. अपस्केलरला दाणा आणि तपशील यांतला फरक नीट कळत नाही, तो दाण्यालाही धार लावतो. ४केमध्ये मग पडद्याच्या काळ्या भागात गांडुळं फिरल्यासारखं दिसतं. त्यावर ग्रेडिंगमध्ये काळे भाग उचललेत की ती गांडुळं आणखी ठळक होतात. म्हणून नॉइज अपस्केलच्या आधी.

रिझॉल्व्हमध्ये एक खोच आहे. सुपर स्केल क्लिपच्या अगदी मुळाशी, नोडच्या (रंगकामाच्या एकेका टप्प्याच्या) आधी लागतं. त्यामुळे कलर पानावर पहिल्याच नोडमध्ये नॉइज रिडक्शन ठेवलं तरी ते अपस्केलनंतरच चालतं. क्रम खरोखर पाळायचा तर नॉइजवाला शॉट १०८०च्या टाइमलाइनवर साफ करून रेंडर करावा लागतो आणि ती नवी फाइल ४के प्रोजेक्टमध्ये घ्यावी लागते. प्रत्येक शॉटला एवढा खटाटोप नको. दिवसाउजेडी घेतलेल्या शॉटना थेट सुपर स्केल चालतं. रात्रीच्या शॉटना मात्र हे कराच.

सुरुवात टेम्पोरल रिडक्शनने (आजूबाजूच्या फ्रेम ताडून नॉइज काढणं) करा: २ फ्रेम, ल्युमा (उजेड) आणि क्रोमा (रंग) थ्रेशोल्ड ५च्या आसपास. हळूहळू वाढवत नॉइज निम्मा झाला की थांबा. पूर्ण घालवायला गेलात तर रंगलेला चेहरा मेणाचा दिसतो. वेगळ्या प्रोग्रॅममध्ये मॉडेल स्वतःच नॉइज काढत असेल तर इथे हात आणखी हलका ठेवा. दोनदा धुतलेल्या कपड्याचा रंग जातोच.

पावसाच्या शॉटला टेम्पोरल रिडक्शन अजिबात लावू नका. पावसाची धार एका फ्रेममध्ये असते, पुढच्या फ्रेममध्ये तिथे नसते. नॉइजही तसाच वागतो. सॉफ्टवेअर दोन्ही पुसतं आणि आषाढातला शॉट ढगाळ मार्गशीर्षासारखा दिसतो. तिथे फक्त क्रोमाचं स्पेशियल रिडक्शन (एकाच फ्रेमच्या आतलं) पुरे.

पायरी ३: लॉगचं काय

लॉग म्हणजे नंतर रंग करायला जास्त वाव ठेवणारी कॅमेऱ्याची सेटिंग. त्यात घेतलेलं चित्र राखाडी, कॉन्ट्रास्ट नसलेलं असतं. एआय मॉडेल साधारणपणे डोळ्यांना नेहमीसारख्या दिसणाऱ्या चित्रांवर शिकलेली असतात. लॉगमधल्या पुसट कडा त्यांना कडा वाटतच नाहीत, मग तिथे ती गुळगुळीत करतात. उलट, पूर्ण ग्रेड करून दिलं तर ग्रेडमध्ये जळालेले पांढरे आणि बुडालेले काळे कायमचे फाइलमध्ये बसतात, आणि ग्राहकाने ‘आकाश जरा निळं करा की’ म्हटलं तर करायला काही उरत नाही.

मधला मार्ग असा: लॉगचं रेक. ७०९मध्ये (एचडीची नेहमीची रंगपद्धत) रूपांतर करा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स सुधारा, कॉन्ट्रास्ट थोडा कमीच ठेवा. वेव्हफॉर्मच्या (चित्रातला उजेड दाखवणारा आलेख) १०२३च्या पट्टीवर लाटेचा फेस, भर दुपारचं आकाश, देवळाची चुना मारलेली दीपमाळ असे सगळे उजळ भाग ९००च्या खाली बसवा. काळे तळाला टेकू देऊ नका. हे बेस करेक्शन फाइलमध्ये जाऊ द्या, बाकीचा रंग नंतर. साधं स्केलिंग वापरणार असाल तर यातलं काहीच नको, लॉग तसंच मोठं केलं तरी चालतं. सुपर स्केल लॉगवरच चालणार, तेव्हा त्याचा शार्पनेस कमीत कमी ठेवा.

पायरी ४: पाच सेकंदांची चाचणी

अख्खी यादी रेंडरला लावून झोपायला जाऊ नका. प्रत्येक प्रकारच्या शॉटचे पाच सेकंद काढा, १०० टक्के झूमवर आणि चालू व्हिडिओत बघा. थांबवलेल्या फ्रेमवर सगळेच अपस्केलर छान दिसतात, खोट दिसते ती चित्र हललं की. किनाऱ्यावरचं फुटेज तर यांची परीक्षाच घेतं.

लाटेचा फेस: दर फ्रेमला मॉडेल वेगळा अंदाज बांधतं आणि फेस उकळल्यासारखा दिसतो. अशा शॉटला साधं स्केलिंग जास्त शोभतं.

माडाच्या झावळ्या: पातींच्या कडांना दुहेरी रेघ येते, वाऱ्यात ती चमचमते. शार्पनेस उतरवा. तरीही गेली नाही तर हाही शॉट साध्या स्केलिंगवर टाका.

जांभा: दगडाची भोकं बुजून भिंत सिमेंटचा गिलावा केल्यासारखी होते. याचं मूळ बहुतेकदा मागच्या पायरीतल्या जास्तीच्या नॉइज रिडक्शनमध्ये असतं. तिथे परत जा.

जाळी: हर्णैच्या बंदरावर पसरलेली जाळी किंवा किनाऱ्यावरची रापण. गाठी तुटतात, दोन धाग्यांचा एक होतो, कॅमेरा सरकला की मोआरे (लहरींची खोटी नक्षी) उमटतं. शॉट रुंद असेल तर एआय नकोच.

अक्षरं: होडीवरचं नाव, दुकानाची पाटी. देवनागरीत शिरोरेषा, मात्रा, वेलांट्या इतक्या जवळजवळ असतात की लांबची पाटी मोठी करताना मॉडेल भलतीच अक्षरं घडवतं. वाचता न येणारी पाटी अस्पष्ट राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. ती स्पष्ट पण चुकीची झाली, तर मालकाला पहिली तीच दिसते.

चेहरे: चेहरा ‘सुधारणारं’ मॉडेल बंद ठेवा. दशावतारातल्या रंगवलेल्या चेहऱ्याला ते माणसाचे नेहमीचे डोळे बसवतं. जुन्या लग्नाच्या चित्रीकरणात तर आजीच्या जागी दुसरीच बाई येऊन बसते. पन्नास माणसांच्या घोळक्यात हे हमखास होतं, कारण प्रत्येक चेहरा मोजक्याच पिक्सेलचा असतो.

थोडक्यात, शॉटगणिक वाट बदला. स्थिर चेहरा, खोली, जेवणाचं ताट, कौलारू घर यांना एआयचा खरा फायदा होतो. पाणी, पानं आणि पाऊस यांना क्वचितच.

पायरी ५: रेंडर

मधली फाइल १० बिटची हवी. प्रोरेझ ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स, हे कमी कॉम्प्रेशनचे फॉरमॅट घ्या. शेवटचा ‘एक्स’ विसरू नका, नुसतं एचक्यू ८ बिटचं असतं आणि त्यात संध्याकाळच्या आकाशाला ग्रेडिंगमध्ये पट्टे पडतात. इथे एच.२६४ नकोच: कॉम्प्रेस केलेल्याला मोठं करून पुन्हा कॉम्प्रेस करणं आणि मग त्यावर रंग ओढणं, यात काही उरत नाही.

जागेचा अंदाज: ४के यूएचडी, २५ फ्रेम, प्रोरेझ ४२२ एचक्यू म्हणजे सेकंदाला ७३७ मेगाबिट. तीन मिनिटांना साधारण १६.६ जीबी, तासाला ३३२. हेच १०८०ला १८४ मेगाबिट आणि तासाला ८३ जीबी. हँडल धरून दीडपट जागा मोकळी ठेवा.

प्रत्येक शॉटची वेगळी फाइल काढा, रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी इंडिव्हिज्युअल क्लिप्सचा पर्याय आहे. पावसाळ्यात लाइट जाते, इन्व्हर्टर डेस्कटॉपला फार वेळ पोसत नाही, आणि सलग रेंडर अर्ध्यावर तुटला तर बहुतेकदा ती फाइल उघडतही नाही. वेगळ्या फाइल असल्या तर एकाच शॉटचं नुकसान होतं. फाइलचं नाव आणि टाइमकोड मूळचाच ठेवा.

फाइल परत आली की मूळ शॉटवर ठेवा आणि वरच्या थराचा कॉम्पोझिट मोड डिफरन्स करा. काळ्या पडद्यावर फक्त कडा दिसल्या तर सगळं ठीक. संपूर्ण चित्र राखाडी दिसलं तर लेव्हल घसरल्या आहेत: एका बाजूने फुल रेंज धरली, दुसऱ्या बाजूने व्हिडिओ रेंज, म्हणजे १० बिटमध्ये ६४ ते ९४०. क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल बदलून बघा. हे न तपासता ग्रेडिंगला बसलात तर अर्धा दिवस सॉफ्टवेअरची चूक रंगाने झाकण्यात जाईल. सगळं चित्र एक-दोन फ्रेमने सरकलेलं दिसलं तर हँडल मोजताना चूक झाली आहे.

पायरी ६: ग्रेडिंग

रेंडर चालू असताना रिकामं बसायची गरज नाही. मूळ १०८०च्या क्लिपवर प्रायमरी करेक्शन (सगळ्या फ्रेमचा रंग सुधारणं), शॉटशी शॉट जुळवणं, विंडो (फ्रेमचा ठरावीक भाग निवडणारे आकार) हे सगळं सुरू करता येतं. विंडो फ्रेमच्या प्रमाणात बसतात, त्यामुळे क्लिप बदलली तरी हलत नाहीत. नंतर मीडिया पूलमध्ये रिप्लेस सिलेक्टेड क्लिपने नवी फाइल आणली की ग्रेड तिथेच राहतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा: बेस करेक्शन आता फाइलमध्ये आहे, तेव्हा ते नोड बंद करा, नाहीतर लॉगचं रूपांतर दोनदा होईल. आणि क्वालिफायरने (रंगावरून निवड करणारं साधन) आकाश किंवा त्वचा निवडली असेल तर ती निवड नव्या फाइलवर पुन्हा तपासा, कारण अपस्केलनंतर कडा बदललेल्या असतात.

आता खरी अडचण: ड्रोनचा खरा ४के शॉट आणि त्याला लागून आलेला अपस्केल केलेला शॉट. नवखा माणूस मऊ शॉटला धार लावत सुटतो. त्याने कडांना पांढरी किनार येते आणि जोड आणखीच दिसतो. उलट करा. ड्रोनचे शॉट मुळातच गरजेपेक्षा शार्प असतात. रिझॉल्व्हच्या ब्लर पानावर रेडियस ०.५०वरून ०.५१ किंवा ०.५२ करून त्यांनाच किंचित मऊ करा. प्रेक्षकाला शॉटचा मऊपणा खटकत नाही, एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना बसणारा धक्का खटकतो.

मग सगळ्या टाइमलाइनवर एकच हलका ग्रेन. तो प्रत्येक क्लिपवर वेगळा लावू नका, आणि अपस्केलच्या आधी तर कधीच नको, कारण दाणे दुप्पट आकाराचे होतील. टायटल, होमस्टेचा लोगो, फोन नंबर हे ४के टाइमलाइनवर नव्याने टाइप करा.

सगळ्यात शेवटी अपस्केल केव्हा चालतं

सगळं फुटेज १०८०चं आहे, लॅपटॉप ४के टाइमलाइनवर धापा टाकतो, किंवा ग्राहक एडिट रोज बदलतोय, तेव्हा १०८०मध्येच पूर्ण ग्रेड करा आणि अपस्केल शेवटी. फक्त ग्रेन, शार्पनिंग आणि टायटल बंद ठेवून १० बिटचा मास्टर काढा, तोही सुट्या शॉटमध्ये. ते शॉट मोठे करा, ४के टाइमलाइनवर जोडा, मग ग्रेन आणि टायटल चढवा. इथे रंग फाइलमध्ये बसलेला असतो, पुढे फारसा बदलता येत नाही. ग्राहकाला रंग आधीच पसंत करून घ्या.

कॅसेट असेल तर

कोकणातल्या दमट हवेत कपाटातल्या कॅसेटना बुरशी लागते. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, हेडही जाईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. आधी सफाई.

कॅप्चर मूळ आकारातच घ्या: ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एका फ्रेमच्या एकाआड एक रेषांची दोन फील्ड). एचडीएमआयचे काही स्वस्त डबे स्वतःच १०८० करून देतात. तेव्हा दोन फील्ड आधीच एकमेकांत मिसळलेली असतात आणि ती कंगव्यासारखी दातेरी कड मग कशानेच जात नाही. क्रम असा: डीइंटरलेस करून (प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून) ५० फ्रेम, मग नॉइज, व्हीएचएस असेल तर तळातल्या थरथरणाऱ्या रेषा क्रॉप, रेक. ६०१वरून (जुनी एसडीची रंगपद्धत) ७०९, आणि त्यानंतर १४४० बाय १०८०. ६०१ची पायरी चुकली की लाल आणि हिरवे रंग किंचित सरकतात, शालूचा रंग दुकानात एक आणि घरी एक दिसावा तसं. दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे काळे पट्टे राहतील, राहू द्या. चित्र ओढून रुंद केलंत तर नवरानवरी दोघंही जाड होतात आणि फोन तुम्हालाच येतो.

एक्सपोर्ट झाल्यावर फाइल मोबाइलवर बघून पाठवू नका. ४०-५० इंची टीव्हीवर पेन ड्राइव्हने लावा आणि तीन जागा बघा: पहिला रात्रीचा शॉट, पहिला पाण्याचा शॉट, आणि ड्रोनवरून हातातल्या कॅमेऱ्यावर येणारा पहिला कट. मूळ १०८०च्या फाइल पैसे हातात पडेपर्यंत तरी पुसू नका.